रॅकेट हाती घेण्यापूर्वी

चाळिशी उलटली, वजन वाढले, रक्तात साखर निघाली की अनेकजण बॅडमिंटन सुरू करतात. निर्णय उत्तमच. पण ‘यात शिकायचे काय?’ म्हणून थेट खेळायला उतरणाऱ्यांपैकी काहीजण महिनाभरात कोपर धरून दवाखान्यात येतात.

शिकणे आवश्यक आहे काय? सुरुवातीचे काही आठवडे तरी नक्कीच. चुकीची पकड हाताला जडली की लवकर सुटत नाही. रॅकेट घट्ट आवळून फटके मारल्यास कोपराच्या बाहेरील बाजूच्या कंडरा दुखावतात. यालाच ‘टेनिस एल्बो’ म्हणतात; आतील बाजू दुखली तर ‘गोल्फर्स एल्बो’. हे खेळ कधीही न खेळलेल्यांनाही ते होतात.

गुरूकडून व्यायाम शिकणे वऱ्हाडाला नवे नाही. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ ची. त्याच्या चमूने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकवेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली होती.

प्रगतीसाठी एवढे करा :

१) खेळापूर्वी १० मिनिटे अंग मोकळे करा.
२) आधी पावले, मग फटके शिका.
३) सुरुवातीला एक दिवसाआड अर्धा तास पुरे.
४) न घसरणारे बूट वापरा.
५) उन्हाळ्यात सकाळी लवकर खेळा, पाणी जवळ ठेवा.

मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असल्यास आधी तपासणी करून घ्या. छातीत दडपण आल्यास खेळ थांबवून तातडीने रुग्णालय गाठा. टाचेमागे अचानक काठी बसल्यासारखे वाटून चवड्यावर उभे राहता येईना, तर कंडरा तुटलेली असू शकते. मालीश करू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.