दोघांचं खातं

लग्नानंतर महिन्याभरात नवं जोडपं बँकेत यायचं. सामाईक खातं उघडायचं असायचं. नव्या आडनावाची सही करताना मुलगी जरा अडखळायची, नवरा हसायचा आणि काउंटरमागचे आम्हीही हसायचो. नोकरीत अशी खाती किती उघडली, त्याची गणती नाही. ती बंद करायला दोघं बरोबर आल्याचं मात्र फारसं आठवत नाही.

एकदा एक बाई पासबुक भरून घ्यायला आल्या. शिल्लक निघाली तीनशे बारा रुपये. "साहेब, खातं दोघांच्या नावावर आहे ना? मग माझ्या सहीशिवाय पैसे निघाले कसे?" खातं 'दोघांपैकी कोणीही' या पद्धतीचं होतं, एकाची सही पुरत होती. मी नियम दाखवला. त्या एक शब्द न बोलता पासबुक पिशवीत ठेवून निघून गेल्या. मग मी जुना अर्ज काढून पाहिला. तो माझ्याच अक्षरात भरलेला होता. खातं उघडताना हा नियम मी त्यांना सांगितला होता का? बहुतेक नसावा.

निवृत्त झालो, तरी धरमपेठेतली, महालातली ओळखीची माणसं अजून विचारायला येतात. मी वकील नाही, हे आधीच सांगतो. पण घटस्फोटाच्या उंबरठ्यावरच्या माणसाचे प्रश्न ठरलेले असतात आणि त्यातले निम्मे पैशाचे असतात.

पहिला प्रश्न : किती दिवस लागतील? हिंदू विवाह कायद्याप्रमाणे दोघांची संमती असेल, तर आधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. मग अर्ज, आणि त्यानंतर सहा महिन्यांनी पुन्हा दोघांचं म्हणणं. समेटाची आशाच उरली नसेल, तर न्यायालय हे सहा महिने माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं. संमती नसेल तर छळ, परित्याग अशी कारणं सिद्ध करावी लागतात, आणि मग दिवस मोजण्यात अर्थ नसतो. 'स्टॅम्प पेपरवर सोडचिठ्ठी लिहून घेतली, नोटरीही केली' असं सांगणारे अजून भेटतात. जमातीची तशी जुनी रूढी सिद्ध करता आली तर गोष्ट वेगळी. एरवी त्या कागदाने लग्न मोडत नाही. त्या भरवशावर दुसरं लग्न केलं, तर तो गुन्हा ठरू शकतो.

दुसरा प्रश्न पोटगीचा. इथे आपल्या नागपूरचाच एक खटला सांगतो. एक पत्नी जानेवारी २०१३ मध्ये तान्ह्या मुलाला घेऊन सासरहून बाहेर पडली. सप्टेंबरमध्ये तिने अंतरिम पोटगी मागितली. नागपूरच्या कुटुंब न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये तिला दरमहा १५,००० रुपये आणि मुलासाठी आधी ५,००० व पुढे १०,००० रुपये ठरवून दिले. पती उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे गेला. २०१८ मध्ये तिथे हरला. मग दिल्ली. ४ नोव्हेंबर २०२० रोजी न्या. इंदू मल्होत्रा आणि न्या. आर. सुभाष रेड्डी यांनी थकलेली सगळी रक्कम बारा आठवड्यांत देण्याचा आदेश दिला. अंतरिम म्हणजे तात्पुरती पोटगी. तिचा वाद मिटेपर्यंत ते तान्हं बाळ सात वर्षांचं झालं होतं!

त्या माउलीच्या चिकाटीचा फायदा मात्र देशभरातल्या बायकांना झाला. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, असं न्यायालयाने सगळ्यांसाठी ठरवून दिलं. पती आणि पत्नी दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जं प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायची. ही प्रतिज्ञापत्रं आली की चार ते सहा महिन्यांत अंतरिम पोटगीचा निकाल व्हावा. पत्नी कमावती आहे एवढ्यावरून पोटगी नाकारता येत नाही. आणि हिंदू विवाह कायद्याखाली गरजू पतीलाही पोटगी मागता येते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

आता गोम इथे आहे. नवऱ्याने प्रतिज्ञापत्रात एखादी मुदत ठेव गाळली, तर ती गाळली हे सांगणार कोण? घरात कोणत्या बँकेत काय आहे हे जिला कधी कळूच दिलं नाही, ती न्यायाधीशांना काय दाखवणार?

'निम्मी इस्टेट मिळेल ना?' असंही विचारतात. आपल्याकडे तसा सरसकट नियम नाही. कायमची पोटगी न्यायालय दोघांची ऐपत आणि परिस्थिती पाहून ठरवतं. स्त्रीधन मात्र सर्वस्वी तिचं. सासरी ठेवलेले दागिने ही तिची ठेव असते, ती परत न करणं हा विश्वासघाताचा गुन्हा होऊ शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच म्हटलं आहे. पण दागिन्यांच्या पावत्या आणि लग्नातले फोटो कुठे आहेत?

घरकर्जावर दोघांच्या सह्या असतील, तर घटस्फोटानंतरही दोघं कर्जदारच राहतात; फ्लॅट कोणी घ्यायचा हे दोघांनी आपसात ठरवलं, म्हणून बँक एकाला मोकळं करत नाही. बँकेच्या ठेवीवर लावलेलं वारसनोंदीचं नावही घटस्फोटाने आपोआप पुसलं जात नाही. अर्ज देऊन बदलावं लागतं. सामाईक खात्यावर तंटा असेल, तर बँकेला ताबडतोब लेखी कळवावं. मग बँक बहुधा दोघांच्या सह्यांशिवाय पैसे देत नाही.

मुलाच्या ताब्याबद्दल एवढंच सांगतो : पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे राहतं, पण शेवटी न्यायालय आईचा किंवा बापाचा हक्क नव्हे, मुलाचं हित पाहतं. आणि वकिलाची फी परवडत नाही म्हणून बाईने घरी रडत बसू नये. १९८७ च्या कायद्याने कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न न पाहता, मोफत वकील मिळू शकतो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा.

हे सगळं वाचताना तुम्ही म्हणाल, आमच्या घरी असलं काही नाही. नसावंच. पण कागद समजून घ्यायचे ते घरात सगळं ठीक असतानाच. आज रविवार आहे. चहा झाला की कपाटातली ती फाईल काढा आणि दोघं मिळून पाहा : खाती कोणती, ती कशा पद्धतीची, कर्जावर सही कोणाची, लॉकरची किल्ली कुठे. 'आजच काय काढलंस हे?' असं कोणी विचारलं, तर खुशाल माझ्यावर ढकला. पासबुक पिशवीत ठेवून गेलेल्या त्या बाईंना मी जे सांगायला हवं होतं, ते आज तुम्हाला सांगतो आहे.