नेमबाजाची बंदूक : जुळणी आणि निगा

बंदूक हा शब्द कानावर पडला की आपल्यासारख्या कष्टकरी गावातल्या माणसाच्या मनात दोनच चित्रे उभी राहतात. एक जुन्या संस्थानिकाच्या दिवाणखान्यात भिंतीवर टांगलेल्या बंदुकीचे आणि दुसरे पोलिसाच्या खांद्यावरच्या बंदुकीचे. संपाच्या दिवसांत फाटकाबाहेर उभे राहिलेल्यांना हे दुसरे चित्र अधिक ओळखीचे असते. परंतु बंदुकीचे तिसरेही एक रूप आहे. ते खेळाच्या साधनाचे. त्या साधनाची माणसाच्या अंगाशी जुळणी कशी करतात, त्याची निगा कशी राखतात आणि ही जुळणी व निगा कोणाला परवडते, या तीन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

१ ऑगस्ट २०२४ रोजी, म्हणजे लोकमान्यांच्या पुण्यतिथीला आणि अण्णा भाऊ साठे यांच्या जयंतीला, फ्रान्समधील शातोरू येथे स्वप्नील कुसळे याने ५० मीटर रायफल तीन स्थिती या प्रकारात ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळवले. हा कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा तरुण. २००९ साली तो शासनाच्या क्रीडाप्रबोधिनीत दाखल झाला, नाशिकला राहून त्याने नेमबाजीचे शिक्षण घेतले आणि २०१५ साली तो मध्य रेल्वेत तिकीट तपासण्याच्या कामावर लागला. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीचे कांस्यपदक आणले होते. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला ऑलिंपिकचे वैयक्तिक पदक मिळण्यास ७२ वर्षे जावी लागली, आणि ते मिळाले ते एका रेल्वे नोकराला. इगतपुरीकरांना याचा अभिमान वाटणे साहजिक आहे. पण अभिमानाबरोबर कुतूहलही वाटले पाहिजे. अंतिम फेरीत त्याने ४४ बारांत ४५१.४ गुण मिळवले, म्हणजे दर बारामागे सरासरी दहाच्या किंचित वर. ५० मीटरवरच्या त्या लक्ष्यातील दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. हे कसे साधते?

याचे निम्मे उत्तर माणसात आहे आणि निम्मे हत्यारात. हत्यार हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. आपल्या मराठीत पाना, कानस आणि हातोडा यांनाही हत्यारेच म्हणतात आणि तलवारीलाही हत्यारच म्हणतात. खंडेनवमीला शेडमधला फिटर आपल्या पान्यांना जे कुंकू लावतो, तेच पूर्वी शिलेदार आपल्या ढालतलवारीला लावीत असे. खेळाची बंदूक या दोहोंपैकी फिटरच्या पान्याच्या अधिक जवळची आहे. तिच्यात बळ फार थोडे असते, अचूकपणा मात्र कमालीचा असतो.

हा अचूकपणा किती, ते एका साध्या हिशेबाने पाहू. १० मीटर हवाई रायफलीच्या लक्ष्यात मधला ठिपका अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो. छर्रा असतो ४.५ मिलिमीटरचा. छर्ऱ्याच्या कडेने त्या ठिपक्याला स्पर्श केला की दहा गुण मिळतात. याचा अर्थ छर्ऱ्याचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून फार तर अडीच मिलिमीटर ढळलेला चालतो. आता बंदुकीच्या मागच्या नेमछिद्रापासून पुढच्या नेमकडीपर्यंत पाऊण मीटर अंतर धरा. त्रैराशिक मांडले तर पुढचे टोक सुमारे ०.१९ मिलिमीटर सरकले की दहाचा नऊ होतो. ०.१९ मिलिमीटर म्हणजे जवळजवळ पोस्टकार्डाची जाडी. श्वास, नाडीचा ठोका, खांद्याची थरथर यांपैकी कशानेही बंदूक एवढी सहज हलते.

म्हणून पहिली गोष्ट जुळणीची. बंदूक स्नायूंनी उचलून धरली तर ती मिनिटाभरात थरथरू लागते, कारण स्नायू थकतात. ती हाडांवर तोलली तर स्थिर राहते. डोक्यावर पाट्या वाहणाऱ्या बाईला हे पुस्तकावाचून ठाऊक असते : पाटी मानेने पेलत नाहीत, कण्यावर ठेवतात. स्पर्धेच्या रायफलीचा दस्ता म्हणूनच एकसंध लाकडाचा राहिलेला नाही. त्याचा खांद्याला टेकणारा भाग मागेपुढे आणि वरखाली होतो. गालपट्टीची उंची बदलता येते, म्हणजे मान न वाकवता डोळा आपसूक नेमछिद्रामागे येतो. चापाजवळची मूठ तळव्याच्या घडणीप्रमाणे निवडता येते. झोपून व गुडघ्यावर बसून नेम धरताना दंडाला पट्टा अडकवता येतो, त्याचा टेकू हाताच्या लांबीनुसार सरकवतात. उभ्याने नेम धरताना पट्टा चालत नाही. स्वप्नीलच्या स्पर्धाप्रकारात गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने अशा तिन्ही स्थिती असतात, म्हणजे एकाच बंदुकीच्या तीन वेगळ्या जुळण्या नेमबाजाला तोंडपाठ हव्यात.

जुळणी बरोबर झाली की नाही, हे ओळखण्याची कसोटी सोपी आहे. रिकामी बंदूक लक्ष्याकडे रोखावी, डोळे मिटावेत, दोन-तीन श्वास घ्यावेत आणि डोळे उघडावेत. नेम जेथे होता तेथेच असेल तर अंग आणि बंदूक एकमेकांशी जुळले आहेत. नेम बाजूला गेलेला दिसला तर हाताने ढकलून तो जागेवर आणावयाचा नाही. पाय हलवावेत, कोपर हलवावे, दस्ता बदलावा. हाताने जबरदस्तीने आणलेला नेम बार सुटण्याच्या क्षणी मूळ जागी परत जातो.

हत्यार माणसाला जुळवून घेते, याचे मोठे उदाहरण हंगेरीचे आहे. कारोली ताकाच हा तेथील सैन्यातला पिस्तूलपटू. १९३८ साली हातबॉम्बच्या स्फोटात त्याचा उजवा हात निकामी झाला. त्याने डाव्या हाताने शिकावयास आरंभ केला आणि १९४८ व १९५२ अशा दोन ऑलिंपिकांत जलद नेमबाजीचे सुवर्णपदक जिंकले. जिद्द त्याची होतीच. पण जिद्दीलाही डाव्या हाताची मूठ लागते. डावखुऱ्या मुलाच्या हाती उजव्या हाताची मूठ देऊन त्याच्या कमी गुणांबद्दल त्याला रागावणे, हा अन्याय आपल्या शाळांतून आणि कारखान्यांतूनही कित्येक वर्षे चालत आला आहे.

आता चाप. चाप जितका हलका तितका नेम कमी ढळतो, हे खरे. तथापि वाटेल तितका हलका चाप म्हणजे अपघाताला आमंत्रण. त्यामुळे आंतरराष्ट्रीय नियमांनी पिस्तुलांना किमान मर्यादा घातली आहे. १० मीटर हवाई पिस्तुलाचा चाप निदान ५०० ग्रॅमचा आणि २५ मीटर पिस्तुलाचा निदान १००० ग्रॅमचा असावा लागतो. स्पर्धेआधी तपासनीस पिस्तूल नळी वर करून धरतो, चापाला वजन अडकवतो आणि उचलून पाहतो. चाप सुटला की पिस्तूल बाद. हवाई रायफलीचे वजन साडेपाच किलोंहून अधिक चालत नाही, तेही काट्यावर तोलतात. बाजारात वजनमापे तपासणारा अधिकारी येतो त्यातलाच हा प्रकार. जुळणीला मोकळीक आहे, पण ती सर्वांना सारख्या असलेल्या नियमांच्या चौकटीत.

काडतुसाची निवड हाही जुळणीचाच भाग आहे. पॉइंट बावीसच्या काडतुसात सुमारे २.६ ग्रॅम वजनाची मऊ शिशाची गोळी असते. एकाच कारखान्यातून निघालेल्या काडतुसांच्याही प्रत्येक खेपेत दारू, शिसे आणि वरचे मेण यांत अतिसूक्ष्म फरक राहतो. एका नळीला एक खेप मानवते, दुसरीला तीच मानवत नाही. म्हणून मोठे नेमबाज आपली रायफल पकडीत घट्ट बसवतात, निरनिराळ्या खेपांची काडतुसे ५० मीटरवर उडवून पाहतात आणि ज्या खेपेची छिद्रे सर्वांत जवळ पडतात तीच पुढच्या हंगामासाठी घेतात. माणसाचा हात त्या चाचणीत नसतोच. त्यामुळे चुकले तर कोण चुकले, हे नि:संशय कळते. कामगाराच्या माथी दोष मारण्याआधी यंत्र तपासून पाहावे, हे आम्ही संघटनेची माणसे जन्मभर सांगत आलो, ते हेच.

निगेकडे वळू. पहिला नियम असा की बंदूक रिकामी आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावाचून तिला फडके लावू नये. दुसऱ्याने सांगितले म्हणून ती रिकामी धरू नये. नळी साफ करताना सळई शक्य तोवर मागून पुढे जावी आणि नळीच्या तोंडाशी घासू नये. नळीचे तोंड हे गोळीचा शेवटचा स्पर्श होणारे ठिकाण, तेथे बारीक ओरखडा पडला तरी गोळी वाकडी निघते. सळईवर प्लॅस्टिकचे वेष्टन असावे आणि ती मध्यावर राहावी म्हणून मागे मार्गदर्शक नळी बसवावी. हवाई रायफलीला तर नमद्याच्या लहान गोळ्या पुरतात, तिच्या नळीत भरमसाट तेल ओतू नये. उत्साही माणूस न साफ करून जेवढी हानी करतो, तेवढीच फाजील घासूनही करतो. साफ केलेल्या नळीचे पहिले काही बार इकडेतिकडे पडतात, ती पुन्हा बसावी लागते, म्हणून स्पर्धेच्या ऐन सकाळी सफाई करीत नाहीत.

आपल्याकडचा खरा शत्रू दमट हवा. इगतपुरीच्या चार महिन्यांच्या पावसात कपाटातल्या वहीला बुरशी येते, तेथे लोखंडाची काय कथा. बंदुकीच्या पेटीतील स्पंज ओल धरून ठेवतो, म्हणून सरावानंतर बंदूक ओल्या पेटीत बंद न करता कोरड्या फडक्याने पुसावी, धातूवर तेलाचा पुसट हात फिरवावा आणि पेटी उघडी ठेवून वाळवावी. घामातील मिठाने बोटांचे ठसेसुद्धा गंजतात.

दस्ता आणि नळी यांना जोडणारे स्क्रू हा दुसरा नाजूक भाग. ते अंदाजाने आवळावयाचे नसतात, मापाच्या पान्याने ठरलेल्या जोरापर्यंतच आवळतात. एक स्क्रू ढिला आणि एक घट्ट असला की प्रत्येक बाराला नळी निराळी थरथरते आणि छिद्रे पसरतात. रेल्वेच्या फिटरला हे समजावून सांगावे लागणार नाही.

तसेच हवेच्या नळकांड्याचे. हवाई रायफलीत साधारण २०० बार दाबाची हवा भरतात, म्हणजे वातावरणाच्या दोनशे पट. नळकांड्यावर तारीख कोरलेली असते आणि दहा वर्षांहून जुने नळकांडे आंतरराष्ट्रीय स्पर्धेत चालत नाही. वाफेच्या इंजिनांच्या काळात बॉयलरच्या तपासणीची तारीख उलटून गेली तर जबाबदार कारागीर त्याला हात लावीत नसे. येथेही तेच शहाणपण हवे. थळ घाटाच्या ३७ फुटांस एक फूट या उतारावर गाडी सोडण्यापूर्वी इगतपुरीला ब्रेक तपासतात, मग गाडीला कितीही उशीर झालेला असो.

निगा करूनही यंत्र दगा देऊ शकते, हे सांगितलेच पाहिजे. जुलै २०२१ मध्ये टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये मनू भाकर हिच्या हवाई पिस्तुलाचा एक भाग ऐन पात्रता फेरीत बिघडला. दुरुस्तीत बहुमोल मिनिटे गेली, उरलेल्या थोड्या वेळात तिने बार पूर्ण केले आणि ५७५ गुणांवर अंतिम फेरी अवघ्या दोन गुणांनी हुकली. २०२४ साली पॅरिसमध्ये तिने दोन कांस्यपदके मिळवली. टोकियोनंतर तिच्या मनाच्या खंबीरपणाविषयी पुष्कळ लिहिले गेले. शस्त्र-कारागिराविषयी मात्र फारसे कोणी लिहिले नाही. पदकाच्या व्यासपीठावर तीन माणसे उभी राहतात. हत्यार नीट ठेवणारा त्यांत कधीच नसतो.

कायद्याचेही भान हवे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे बंदूक बनवणे, विकणे व दुरुस्त करणे यांसाठी परवाना लागतो, आणि परवान्यावाचून नळी आखूड करणे हा गुन्हा आहे. तेव्हा गालपट्टी, दस्ता, पट्टा आणि मूठ ही नेमबाजाची हद्द. नळी व चापाची यंत्रणा ही परवानाधारक कारागिराची हद्द. मैदानावर बंदूक खाली ठेवताना तिच्या नळीत भडक रंगाची सुरक्षादोरी घालतात, म्हणजे ती भरलेली नाही हे सर्वांना लांबून दिसते. नळी सदैव लक्ष्याकडे आणि नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर, हे दोन नियम ज्याच्या अंगवळणी पडले नाहीत त्याने मैदानात पाऊल ठेवू नये.

शेवटचा प्रश्न पैशाचा. स्पर्धेची चांगली परदेशी रायफल काही लाख रुपयांची असते. नोकरीच्या पगारातून पैसे साठवून स्वप्नीलने स्वतःची पहिली रायफल घेतली, असे त्याच्या यशानंतर वर्तमानपत्रांत आले. त्याच्या चिकाटीचे कौतुक करावे तितके थोडे. पण ज्याला पगारच नाही त्या मुलाने काय करावे? तो क्लबची सामाईक बंदूक वापरतो. सकाळी ती उंच मुलाच्या मापाची असते, दुपारी बुटक्या मुलीच्या हाती तशीच येते. मग तिची मान वाकते, खांदा दुखतो, गुण घसरतात आणि घरचे म्हणतात, हा आपला खेळ नव्हे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या, राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई खेळांत सुवर्ण मिळवले. अशा आणखी किती मुली चुकीच्या मापाच्या दस्त्यापाशी थांबल्या असतील, हे कोणत्याही निकालपत्रकात लिहिलेले नसते.

यावर उपाय आहे आणि तो पाळीच्या कामगारांनी फार पूर्वी शोधलेला आहे. एका लेथवर तीन पाळ्यांची तीन माणसे काम करतात, तेव्हा प्रत्येकाची मापे वहीत लिहिलेली असतात. स्पर्धेच्या दस्त्यावर आकड्यांच्या खुणा असतात. प्रत्येक मुलाची वही करावी : दस्त्याची लांबी इतकी, गालपट्टी इतकी, पट्ट्याचा टेकू या खुणेवर. बंदूक हाती घेताच दोन-तीन मिनिटांत ती आपल्या मापाची करावी. त्याच वहीत किती बार झाले, नळी कधी साफ केली, नळकांड्याची तारीख काय, याची नोंद राहावी आणि शिक्षकाने दर आठवड्याला तिच्यावर सही करावी.

हवाई नेमबाजीला मोठे मैदान लागत नाही. दहा मीटरांहून थोडा लांब बंदिस्त दिवाणखाना, मागे भक्कम भिंत, लक्ष्यामागे छर्रे झेलणाऱ्या पेट्या, चार जुळवता येणाऱ्या रायफली, त्यांत एक डावखुरी, आणि महिन्यातून एकदा येणारा परवानाधारक कारागीर. १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना निघाली तेव्हा लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर तिचे अध्यक्ष झाले, आणि त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा ही नवोदितांची पायरी ठरली. त्या पायरीपर्यंत आपल्या गावचे मूल पोहोचावे असे वाटत असेल, तर नगरपालिकेकडे, शाळांकडे आणि रेल्वेच्या क्रीडामंडळाकडे मागणी करताना नुसत्या बंदुका मागू नयेत. कारागिराचे मानधन, सुटे भाग आणि कोरडे कपाट हे त्याच अर्जात, बंदुकांच्या वरच्या ओळीत लिहावे.