मशीन बंद केलं, पण ते बंदच राहील याची खात्री काय? दुरुस्तीआधी कुलूप लावायची पद्धत समजून घ्या

बारामती/इंदापूर : गळीत हंगाम संपला की साखर कारखान्यांत ऑफ सीझनची कामं निघतात. माळेगाव असो, सोमेश्वर असो, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी किंवा शहाजीनगरचा नीरा-भीमा असो, मिलचे रोलर उतरवायचे, गव्हाणीची साखळी सोडायची, बॉयलरच्या नळ्या साफ करायच्या ही कामं सगळीकडे असतात. एरवी मशीनच्या बाहेर उभा राहणारा कामगार या दिवसांत मशीनच्या आत शिरतो. बारामती एमआयडीसीत तर बाराही महिने कुठं ना कुठं दुरुस्ती चालूच असते.

चालू मशीनला माणूस भितो, लांब राहतो. बंद मशीनमध्ये मात्र बिनधास्त हात घालतो. नेमकं त्याच वेळी पलीकडं कुणीतरी बटण दाबलं तर? दाबणाऱ्याला आत माणूस आहे हे माहीतच नसतं. हा धोका टाळण्यासाठी जी पद्धत शिकवली जाते तिला लॉकआऊट-टॅगआऊट म्हणतात. कामगार तिला थोडक्यात ‘लोटो’ म्हणतात. लॉक म्हणजे कुलूप, टॅग म्हणजे पाटी. ज्याचा हात मशीनमध्ये, त्याच्याच खिशात चावी, एवढा तिचा अर्थ.

नुसतं बटण का चालत नाही?

मशीनवरचं लाल स्टॉप बटण बहुतेक वेळा फक्त स्टार्टरला थांबायला सांगतं. पॅनेलपर्यंत वीज तशीच आलेली असते. दुसऱ्या ठिकाणाहूनही मशीन सुरू करायची सोय असेल, तर तिथून ते फिरू शकतं. म्हणून वीज तोडायची ती पॅनेलवरच्या मेन स्विचला, आणि त्या स्विचला कुलूप घालायचं. पाटीवर आपलं नाव, काम आणि तारीख लिहायची. नुसती पाटी अडकवली तर ती कुणीही काढू शकतं, कुलूप तसं काढता येत नाही.

एका मशीनवर सहा जण काम करत असतील, तर स्विचला अनेक भोकांची कडी लावतात आणि त्यात सहाही जण आपापलं कुलूप घालतात. शेवटच्या माणसाचं कुलूप निघेपर्यंत स्विच वर जात नाही. सुपरवायझरनं सगळ्यांच्या वतीनं एकच कुलूप लावणं म्हणजे पाच जणांचा जीव दुसऱ्याच्या लक्षात राहण्यावर सोडणं.

वीज गेली तरी जोर शिल्लक असतो

प्रशिक्षणात सर्वात जास्त वेळ या भागाला द्यायला हवा. मशीनमध्ये विजेशिवाय इतरही जोर असतात :

- वाफ : साखर बंद झाली तरी को-जन किंवा डिस्टिलरी चालू असू शकते. एका बॉयलरची वाफ सामाईक लाईनमधून दुरुस्तीच्या बाजूला येऊ शकते. जुना व्हॉल्व्ह थोडा गळतोच. त्यामुळं व्हॉल्व्ह बंद करून कुलूप लावणं, मधे आंधळी प्लेट टाकणं आणि पुढची लाईन मोकळी करणं, तिन्ही लागतं.
- दाब : हायड्रॉलिक तेल आणि हवेच्या लाईनमध्ये मशीन थांबल्यावरही दाब राहतो. तो सोडल्याशिवाय नट ढिला करायचा नाही.
- वजन : उचलून धरलेला रोलर किंवा साखळीवर अडकलेला ऊस कधीही खाली येतो. खाली टेकू हवाच.
- साठलेली वीज : कपॅसिटरमध्ये स्विच काढल्यावरही चार्ज असतो.
- वायू : मार्च 2023 मध्ये बारामती तालुक्यातील खांडज येथे शेणाच्या टाकीत चौघांचा गुदमरून मृत्यू झाला. टाकीतला वायू डोळ्यांना दिसत नाही. मळीची टाकी, गोबरगॅस, सांडपाण्याचा खड्डा, सगळीकडं हाच धोका आहे. आत कुणी पडलं तर त्याच्यामागं उडी मारायची नाही.

सात पायऱ्या

1. या मशीनला जोर कुठून कुठून मिळतो ते आधी लिहून काढा.
2. आजूबाजूच्या सगळ्यांना सांगा.
3. मशीन नेहमीच्या पद्धतीनं थांबवा.
4. मेन स्विच आणि व्हॉल्व्ह बंद करा.
5. प्रत्येकानं आपलं कुलूप आणि पाटी लावा.
6. उरलेला दाब, वाफ, चार्ज सोडा, वजनाला टेकू द्या.
7. सगळे लांब उभे राहून मशीन चालू करून बघा. नाही सुरू झालं तरच हात घाला. चाचणी झाली की बटण पुन्हा बंदवर आणा.

सातवी पायरी सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते. चुकून शेजारच्याच मशीनचा स्विच काढला असेल, तर ते इथंच कळतं.

काम संपल्यावर हत्यारं आणि माणसं मोजायची, जाळ्या परत बसवायच्या आणि ज्यानं त्यानं आपलं कुलूप काढायचं.

शिफ्ट बदलताना जास्त जपा

6 जुलै 1988 रोजी स्कॉटलंडजवळच्या समुद्रात पायपर अल्फा या तेल-वायूच्या फलाटावर 167 जणांचा जीव गेला. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला होता आणि त्या जागी तात्पुरतं झाकण होतं. ही गोष्ट रात्रपाळीला नीट कळलीच नाही. दुसरा पंप बंद पडल्यावर त्यांनी हा पंप सुरू केला, वायू गळाला आणि स्फोट झाला. पाळी बदलताना मशीनसमोर उभं राहून निरोप द्यायचा आणि जुनं कुलूप निघायच्या आत नवं लावायचं, हा नियम त्यामुळं महत्त्वाचा.

कायदा काय म्हणतो?

ही कल्पना परदेशातून आलेली फॅशन नाही. आपल्याकडच्या 1948 च्या कारखाने अधिनियमात कलम 24 मध्येच चुकून चालू होऊ शकणाऱ्या स्विचला कुलपाची सोय असावी असं सांगितलं होतं. बंद टाकीत उतरण्याआधीची खबरदारी त्याच्या कलम 36 मध्ये होती. कारखान्यांची तपासणी राज्याचं औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय करतं.

अडचण अशी की ऑफ सीझनच्या कामावर बरेच कामगार ठेकेदारामार्फत येतात. चार दिवसांच्या कामाला आलेल्या पोराला कुणी प्रशिक्षणाला बसवत नाही. दर वर्षी 4 मार्चला सुरक्षा दिन साजरा होतो, शपथही होते. पण त्या पोराच्या हातात स्वतःचं कुलूप आहे का, ते बघायला हवं. ते नसेल तर ठेकेदाराकडं मागावं, आणि मिळेपर्यंत मशीनमध्ये हात घालू नये.

शेतातही हेच

विहिरीवरच्या मोटारीला ‘ऑटो’ बसवलेला असतो. लाईट आली की मोटार आपोआप सुरू होते. लाईट नाही म्हणून कुणी कपलिंगला हात घातला आणि तेवढ्यात लाईट आली, तर सावरायला वेळ मिळत नाही. आधी ऑटो बंद करा, किटकॅट काढून खिशात घाला, पेटीला कुलूप लावा.

एका डीपीवर अनेकांची कनेक्शनं असतात. एकानं कामासाठी फ्यूज काढला, दुसऱ्यानं लाईट गेली म्हणून परत घातला, असं होऊ शकतं. म्हणून डीपीवर स्वतः चढू नये. महावितरणच्या 1912 या क्रमांकावर कळवून वायरमन बोलवावा.

रोटाव्हेटरमध्ये दोरी किंवा पाचट अडकलं तर ट्रॅक्टर बंद करून चावी खिशात घ्यावी. पाती बदलताना उचललेल्या रोटाव्हेटरखाली लाकडी ठोकळे द्यावेत, कारण लिफ्टचं तेल कधी उतरेल सांगता येत नाही. कडबा कुट्टीचाही आधी प्लग काढावा, मग वैरण.

साध्या कुलपाला शे-दोनशे रुपये लागतात आणि लावायला पाच मिनिटं जातात. येत्या हंगामाची मोळी गव्हाणीत पडायच्या आत प्रत्येक कारखान्यानं आणि प्रत्येक ठेकेदारानं एवढी तयारी करायला हरकत नसावी.