उरेब हळू धरायचा असतो

शाळा उघडल्या. पिंपरी-चिंचवड महापालिकेची अनधिकृत शाळांची यादी आली, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली आणि शिळीही झाली. आता शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाचं काम शिक्षकांच्या गळ्यात पडेल. सहा ते चौदा वयाचं मूल कुठल्याच शाळेच्या पटावर नसेल, किंवा पटावर असून महिनाभर फिरकलं नसेल, तर ते शाळाबाह्य. व्याख्या सरळ आहे. तिच्यात मोशीच्या बांधकामावर पत्र्याच्या खोलीत राहणारं मूल बसतं आणि शेजारच्या टॉवरमधलं, आईवडिलांनी विचार करून शाळेतून काढलेलं मूलही बसतं. या दुसऱ्या प्रकाराला होमस्कूलिंग म्हणतात. त्यामागची कारणं वाचकांनी ऐकलेली असतात: दप्तराचं ओझं, फी, स्पर्धा, मुलाचा कल. पिंपरी-चिंचवडमध्ये मात्र एक कारण असं आहे, जे शिक्षणावरच्या कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. गुरुवार.

भोसरी-पिंपरीच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. विजेचा भार वाटून घेण्यासाठी केलेली जुनी सोय, ती अंगवळणी पडली. बाप गुरुवारी घरी असतो तेव्हा पोर शाळेत. पोर रविवारी घरी असते तेव्हा बाप कामावर. त्यात सेकंड शिफ्ट लागली की तो येतो तेव्हा ती झोपलेली आणि ती स्कूलबसमध्ये चढते तेव्हा तो झोपलेला. माझ्या ओळखीच्या एका घराने मुख्यतः या हिशेबावर शाळा सोडली. त्यांचा रविवार आता गुरुवारी येतो.

अशाच एका गुरुवारी मी त्यांच्याकडे गेले. भिंतीवर तक्ते, वेळापत्रक असलं काही दिसेल असं वाटलं होतं. बैठकीच्या खोलीतलं टेबल बाजूला सारून फरशीवर गोधडी अंथरलेली होती. खाली आजीचं सुती जुनेर, मध्ये दोन विरलेल्या चादरी, वर ठिगळांचं जोडकाम, आणि चारही कडा कच्च्या टाक्यांनी धरलेल्या. कडेपासून सुरुवात करून चौकोनी फेरे घेत धावदोरा मध्याकडे न्यायचा, आणि दर फेऱ्याला तळव्याने सुरकुती पुढे सारायची. आजी जुन्नरकडच्या. त्यांनी कापड निवडण्यापासूनच नियम घालून दिले होते. सिंथेटिक साडी नको, सुई अडते. बापाचे कंपनीतले सुरक्षा सप्ताहाचे टी-शर्ट तर मुळीच नकोत, होजिअरी चहूबाजूंनी पळते. आजच्या घरांत गोधडी का होत नाही याचं एक साधं कारण इथेच कळतं: घालून घालून मऊ झालेलं सुती कापडच घरात उरलेलं नाही.

नऊ वर्षांची नात त्रिकोण जोडत होती. चौकोन कर्णावर कापायचा, दोन त्रिकोण होतात, वेगवेगळ्या रंगांचे दोन जोडून पुन्हा चौकोन करायचा. एक जोडी जुळेना.

"आजी, हा तुकडा पुरतच नाहीये."

"पुरत नाही काय गं, ताणलास तू. उरेब हळू धरायचा असतो."

कापडाचा उभा धागा ओढा, आडवा ओढा, फारसं काही होत नाही. तिरपं ओढलं की मात्र ते लांबतं. शिंपी याला उरेब म्हणतात, आणि ब्लाउजच्या गळ्याला पट्टी लावताना याच गुणाचा उपयोग करतात. मुलीने टेप लावून पाहिलं. एकाच चौकोनातून निघालेले दोन त्रिकोण, पण एकाची तिरकी कड चांगली बोटभर जास्त. तिने टाके उसवले. यात बराच वेळ गेला. शाळेत असती तर तास संपल्याची घंटा झाली असती.

तिचा खरा प्रश्न जेवणानंतर आला. आदल्या दिवशी तिने आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून आकार केले होते. तीन काड्यांचा त्रिकोण घट्ट राहतो, चार काड्यांचा चौकोन लगेच कलतो, हे तिला माहीत होतं. मग कापडाचा त्रिकोण का ताणतो? आईला उत्तर सुचेना. बाप डायशॉपमध्ये काम करतो. त्याने काड्यांचा चौकोन समोरासमोरच्या कोपऱ्यांना धरून हलकेच ओढला. चौकोनाचा झाला शंकरपाळा, आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं अंतर वाढलं. काड्या तेवढ्याच राहिल्या. विणलेलं कापड म्हणजे धाग्यांचे असे असंख्य बारीक चौकोन. तिरपं ओढलं की सगळे एकदम कलतात. मी बारावीपर्यंत भूमिती शिकले, हे मला कुणी दाखवलं नव्हतं.

या काड्यांचं मूळ याच गावाशी जोडलेलं आहे. व्हॉल्व्ह ट्यूबचा हा खेळ देशभर नेणारे अरविंद गुप्ता आयआयटी कानपूरमधून १९७५ साली इंजिनिअर झाले आणि टेल्कोत नोकरीला लागले, म्हणजे इथे, ट्रक बनवायला. १९७८ मध्ये वर्षभराची रजा घेऊन ते मध्य प्रदेशात होशंगाबादला गेले. तिथल्या खेड्यांतल्या शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम चालू होता. काड्यांची जोडणी तिथे घडली. पुढे नोकरी सुटली, आणि पुण्यात आयुकाच्या विज्ञान केंद्रात त्यांनी २०१४ पर्यंत टाकाऊ वस्तूंतून खेळणी केली. २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. घरी शिकवणारे पालक त्यांना गुरुस्थानी मानतात. पण होशंगाबादचा तो कार्यक्रम सरकारी शाळांसाठी होता हे कुणाच्या ध्यानात राहत नाही. काड्या शाळेतून घरी आल्या आहेत, घरातून शाळेत गेलेल्या नाहीत.

माझा आक्षेप इथे सुरू होतो. होमस्कूलिंगवरच्या प्रत्येक लेखात मुंबईच्या मालविका जोशीचं नाव येतं: दहावी-बारावी न करता, संगणक ऑलिम्पियाडच्या पदकांच्या जोरावर २०१६ मध्ये थेट एमआयटी. खरं आहे, आणि त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. मी गेले त्या घरी गोधडी घडली ती आजी होत्या म्हणून, आणि आईने नोकरी सोडली म्हणून. बापाचा गुरुवार सगळ्यांना दिसतो, आईचे उरलेले सहा वार कुणी मोजत नाही. मी विचारलं तर ती हसून म्हणाली, "मला पगारी रजा कुठली?"

कायद्याचं म्हणाल तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १० ने मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य ठरवलं, पण न घातल्यास शिक्षा ठेवली नाही. २०१२ मध्ये केंद्राने दिल्ली उच्च न्यायालयात सांगितलं की स्वेच्छेने घरी शिकवणाऱ्यांच्या आड हा कायदा येत नाही. पुढे दहावीला शाळेबाहेरून बसण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म आहे, एनआयओएसचं मुक्त विद्यालय आहे. चाकणला जिच्या कंपन्यांच्या गाड्या जुळतात त्या जर्मनीत मात्र असं मूल घरी ठेवणं चक्क बेकायदा आहे.

शाळेत असं हातातून शिकणं होऊच शकत नाही, हे म्हणणं मला पटत नाही. चिंचवडगावात गिरीश प्रभुणे यांचं पुनरुत्थान समरसता गुरुकुलम् पारधी आणि इतर भटक्या-विमुक्त समाजांतल्या मुलांना अभ्यासाबरोबर हातातली कला शिकवतं. गांधीजींनी १९३७ मध्ये वर्ध्याला टकळी शिक्षणाच्या मध्यभागी ठेवली, तीही शाळेतच. नव्या शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना दिले आहेत, सुतारकाम, कुंभारकाम वगैरेसाठी. दहा दिवसांत अख्खी गोधडी होत नाही, पण एखादं दुपटं नक्की होईल. ते शिकवायला शाळेने वस्तीतल्या एखाद्या आजींना मानधन देऊन बोलवावं.

राहिलं सर्वेक्षण. मोशीत यादी घेऊन फिरणारी शिक्षिका पत्र्याच्या खोल्यांपर्यंत थेट पोचते. तिथे फाटक नाही. तिथलं मूल नोंदलं जातं, आणि बांधकाम पुढे सरकलं की नावासकट हरवतं. टॉवरच्या फाटकावर मात्र तिला रजिस्टरमध्ये नाव लिहावं लागतं, कोणत्या फ्लॅटला जायचं ते सांगावं लागतं. ते तिला माहीत नसतं, म्हणून ती परत फिरते. घरी शिकवणाऱ्या पालकांना ही गैरसोय सोयीची वाटते. जवळच्या महापालिका शाळेत एक साधी नोंद करा असं सुचवलं, तर "एकदा नाव गेलं की मागे लागतील" हे उत्तर मिळालं. ही भीती अगदीच खोटी नाही. पण ज्यांच्याकडे वेळ आहे, पुस्तकं आहेत, आजी आहे, त्यांनीच नोंद टाळायची, तर शाळाबाह्य मुलांच्या रकान्यातला आकडा फक्त गरिबांचा राहणार.