इन्फ्लूएंझाजन्य तीव्र न्यूमोनियातून बचावलेल्या रुग्णांच्या फुप्फुसांची दीर्घकालीन सुधारणा

'स्वाइन फ्लू' या नावाने परिचित झालेल्या एच१एन१ विषाणूमुळे भारतातील पहिला मृत्यू ऑगस्ट २००९ मध्ये पुणे येथे झाला. त्या वेळी शहरातील शाळा-महाविद्यालये काही दिवस बंद ठेवावी लागली होती, हे अनेक प्राध्यापकांना स्मरत असेल. मृतांचे आकडे तेव्हा रोज प्रसिद्ध होत. अतिदक्षता विभागातून जिवंत परतलेल्यांचे पुढे काय झाले, याची मात्र फारशी चर्चा झाली नाही. अशा रुग्णांच्या फुप्फुसांची हानी कितपत भरून येते आणि कोणती उणीव मागे राहते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

फुप्फुसांत सुमारे ४८ कोटी वायुकोश असतात. त्यांच्या आतील अस्तरात मुख्यतः दोन प्रकारच्या पेशी आढळतात. पहिल्या प्रकारच्या पेशी अत्यंत पातळ व पसरट असून त्यांच्यातूनच प्राणवायू रक्तात जातो. दुसऱ्या प्रकारच्या पेशी वायुकोशांना मिटू न देणारा स्निग्ध द्राव निर्माण करतात. विषाणूने हे अस्तर उद्ध्वस्त केले की केशवाहिन्यांतील प्रथिनयुक्त द्रव वायुकोशांत पाझरतो व रुग्णास श्वसनयंत्राची गरज भासते. वैद्यकशास्त्रात ही अवस्था 'एआरडीएस' म्हणून ओळखली जाते. बरे होताना, बचावलेल्या दुसऱ्या प्रकारच्या पेशींचे विभाजन होते आणि त्यांपैकी काही पहिल्या प्रकारात रूपांतरित होऊन अस्तर पुन्हा उभे करतात. हानी फार खोल असेल तर हे साधत नाही. इन्फ्लूएंझाग्रस्त उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले आहे की, सूक्ष्म श्वासनलिकांकडील पेशी उजाड झालेल्या भागात येऊन तो झाकून टाकतात. परंतु वायूंची देवघेव करणाऱ्या पेशी त्यांच्यापासून क्वचितच तयार होतात. गळक्या छपरावर ताडपत्री टाकावी, तसाच हा प्रकार होय.

ही सुधारणा मोजावी कशी, हा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो. स्पायरोमेट्रीत केवळ फुंकलेल्या हवेचे प्रमाण व वेग कळतो. वायू रक्तापर्यंत किती पोहोचतो हे पाहण्यासाठी अत्यल्प कार्बन मोनॉक्साइड मिसळलेली हवा देऊन विसरणक्षमता मोजावी लागते. टोरांटो येथील संशोधकांनी एआरडीएसमधून वाचलेल्या १०९ रुग्णांचा (कारणे विविध होती) पाठपुरावा करून २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्पायरोमेट्री व फुप्फुसांचे आकारमान सहा महिन्यांत जवळजवळ पूर्ववत झाले होते. विसरणक्षमता मात्र वर्षाअखेरीसही अपेक्षित मानाच्या ७२ टक्क्यांपर्यंतच पोहोचली. सहा मिनिटांत चालता येणारे अंतर अपेक्षेच्या ६६ टक्के होते आणि कामावर परतलेल्यांचे प्रमाण ४९ टक्के. फ्रान्समध्ये २००९ च्या साथीतील ३७ रुग्णांची वर्षभराने तपासणी झाली, तेव्हाही फुप्फुसांचे कार्य जवळपास सामान्य, पण बहुसंख्यांची विसरणक्षमता घटलेली, असेच चित्र दिसले.

तथापि सर्व दोष फुप्फुसांवर टाकणे योग्य नव्हे. टोरांटोच्या रुग्णांचे वजन अतिदक्षता विभागातून बाहेर पडेपर्यंत १८ टक्क्यांनी घटले होते. पाच वर्षांनंतर त्यांची फुप्फुसे जवळजवळ सामान्य झाली, तरी चालण्याचे अंतर अपेक्षेच्या ७६ टक्क्यांवरच राहिले. झिजलेले स्नायू आणि आजारपणाचा मनावरील आघात यांचा त्यात मोठा वाटा होता. म्हणूनच 'अहवाल सामान्य' असलेला सहकारी किंवा विद्यार्थी दुसऱ्या मजल्यावरील वर्गापर्यंत जाताना धापा टाकत असेल, तर ते सोंग समजणे अन्यायाचे ठरेल. रजेच्या अर्जाला जोडलेल्या एका स्पायरोमेट्रीच्या कागदावरून तो तंदुरुस्त आहे असे ठरविता येत नाही.

विसरणक्षमता मोजण्याचे यंत्र महाग असल्याने ते प्रामुख्याने मोठ्या रुग्णालयांतच आढळते. सहा मिनिटे चालण्याच्या चाचणीस मात्र ३० मीटर सपाट मार्ग, घड्याळ, बोटाला लावावयाचा ऑक्सिमीटर आणि एक प्रशिक्षित व्यक्ती एवढेच पुरते. तेवढा लांब व्हरांडा आपल्या बहुतेक महाविद्यालयांतही असतो.