हेवी मेटल वादनासाठी गिटार पिकअपची निवड

हेवी मेटल वादनासाठी पिकअपची निवड हा इलेक्ट्रिक गिटारच्या ध्वनिरचनेतील एक महत्त्वाचा आणि वादकांमध्ये सतत वादाचा विषय आहे. पिकअप म्हणजे गिटारच्या तारांखाली बसवलेले, चुंबक व तांब्याच्या तारेचे वेटोळे यांचे बनलेले उपकरण होय. ते पोलादी तारांच्या कंपनांचे विद्युत संकेतात रूपांतर करते. हा संकेत पुढे अ‍ॅम्प्लिफायरमध्ये जातो आणि तेथे त्याचे हेतुपुरस्सर विरूपण केले जाते. वादक त्याला डिस्टॉर्शन म्हणतात. हेवी मेटलचा भरदार व खरखरीत नाद मुख्यतः या विरूपणातून निर्माण होतो. म्हणूनच या शैलीसाठी पिकअप निवडताना तो किती जोरदार आहे यापेक्षा विरूपणानंतर त्याचा नाद किती स्पष्ट राहतो, हा प्रश्न अधिक मोलाचा ठरतो. विक्रीच्या वेष्टनावर मात्र बहुधा पहिल्याच प्रश्नाचे उत्तर ठळक अक्षरांत छापलेले असते.

कार्यतत्त्व

मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली शोधलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन हा पिकअपचा पाया आहे. चुंबकाच्या सान्निध्यामुळे पोलादी तार स्वतःही किंचित चुंबकित होते. ती कंप पावू लागली की वेटोळ्यातील चुंबकीय क्षेत्र कमीजास्त होते आणि वेटोळ्याच्या टोकांमध्ये त्याच वारंवारतेचा अत्यल्प विद्युत दाब उत्पन्न होतो. नायलॉनच्या तारांवर असा पिकअप काम करीत नाही, याचे कारण हेच. वेटोळ्याची तार सुमारे ०.०६ मिलिमीटर जाडीची, म्हणजे केसाइतकी बारीक असते आणि तिचे काही हजार फेरे घेतलेले असतात.

फेरे वाढवले की विद्युत दाब वाढतो. वादकांच्या बोलीत अशा पिकअपला ‘हॉट’ म्हणतात. परंतु फेऱ्यांबरोबर वेटोळ्याचे प्रवर्तकत्वही वाढते. हे प्रवर्तकत्व आणि जोडकेबलची धारिता यांच्यामुळे पिकअपला स्वतःची एक अनुस्पंदन वारंवारता प्राप्त होते. ती साधारणतः २ ते ५ किलोहर्ट्झ या पट्ट्यात असते. या वारंवारतेच्या आसपासचे उपस्वर उठून दिसतात आणि तिच्या वरचे झपाट्याने क्षीण होतात. फेरे जितके जास्त तितकी ही वारंवारता खाली सरकते आणि नादाची धार बोथट होते. जोर आणि धार यांतील ही देवाणघेवाण चुकवता येत नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

जॉर्ज बोशाँ यांनी १९३०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत विकसित केलेला पिकअप हा व्यावसायिक दृष्ट्या यशस्वी ठरलेला पहिला चुंबकीय पिकअप मानला जातो. सुरुवातीचे पिकअप एकाच वेटोळ्याचे होते आणि त्यांच्यात एक जन्मजात दोष होता. विजेच्या घरगुती प्रवाहाची गुणगुण ते तारेच्या स्वरासारखीच पकडीत. भारतात हा प्रवाह ५० हर्ट्झचा व अमेरिकेत ६० हर्ट्झचा असतो, त्यामुळे गुणगुणीचा स्वर देशागणिक बदलतो. उपद्रव मात्र तोच राहतो. गिब्सन कंपनीतील अभियंते सेथ लव्हर यांनी १९५५ साली दोन वेटोळ्यांच्या पिकअपच्या एकाधिकारासाठी अर्ज केला. त्यात दोन वेटोळी परस्परविरुद्ध दिशेने जोडलेली असतात आणि त्यांच्याखालील चुंबकीय ध्रुवही परस्परविरुद्ध असतात. परिणामी बाहेरून आलेली गुणगुण एकमेकींना छेद देते, तर तारेपासून मिळालेले संकेत मात्र एकमेकांत मिळवले जातात. या रचनेला हंबकर असे नाव पडले. आज हेवी मेटलच्या बहुसंख्य गिटारींवर हंबकरच आढळतो.

तथापि या शैलीचा आरंभ हंबकरवर झालेला नाही. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथील ब्लॅक सॅबथ या चमूचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी प्रकाशित झाला. तो हेवी मेटलचा प्रारंभबिंदू समजला जातो. त्यातील गिटारवादक टोनी आयोमी यांनी ध्वनिमुद्रणाची सुरुवात फेंडर स्ट्रॅटोकास्टरवर केली होती. तिचा पिकअप निकामी झाल्याने त्यांनी गिब्सन एसजी हाती घेतली आणि तिच्यावर पी-९० नावाचे एकेरी वेटोळ्याचे पिकअप होते. आयोमी डावखुरे वादक. वयाच्या सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात झालेल्या अपघातात त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या व अनामिका या बोटांची टोके तुटली होती. पडदे दाबणारा हात तोच असल्याने त्यांनी बोटांना प्लास्टिकच्या टोप्या केल्या, हलक्या तारा वापरल्या आणि पुढे १९७१च्या तिसऱ्या अल्बमपासून गिटारची जुळणी खाली उतरवली. ज्या जड, खोल नादाला आज मेटलचा नाद म्हणतात तो अशा रीतीने दुखावलेली बोटे, सैल तारा आणि शेवटच्या टोकापर्यंत चढवलेला अ‍ॅम्प्लिफायर यांतून घडला. त्यात पिकअपच्या जोराचा वाटा फारसा नव्हता.

पुढे १९७२ साली डिमार्झिओ यांचा सुपर डिस्टॉर्शन हा हंबकर आला. गिटारपासून वेगळा, बदलून बसवण्यासाठी म्हणून विकल्या गेलेल्या पिकअपांमध्ये तो अगदी आरंभीचा होय. सेमूर डंकन आणि ईएमजी या दोन्ही उद्योगांची सुरुवात १९७६ची आहे.

विरूपण आणि खालचे स्वर

मेटल वादनाचा कणा असलेली पॉवर कॉर्ड म्हणजे मूळ स्वर व त्याचा पंचम एकत्र छेडणे. तंबोऱ्याच्या नेहमीच्या जुळणीमुळे षड्ज-पंचमाची ही जोडी मराठी श्रोत्याच्या कानाला अनोळखी नाही. या दोन स्वरांच्या वारंवारतांचे गुणोत्तर २:३ असते. संकेत शुद्ध असेल तर हे दोन स्वर आणि त्यांचे उपस्वर एवढेच ऐकू येतात. विरूपण झाले की त्या वारंवारतांच्या बेरजा व वजाबाक्या होऊन नवे स्वर जन्माला येतात. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मोकळा स्वर ८२.४ हर्ट्झचा असतो आणि त्याचा पंचम सुमारे १२३.५ हर्ट्झचा. दोहोंतील फरक सुमारे ४१ हर्ट्झ, म्हणजे मूळ स्वराच्या एक सप्तक खालचा स्वर होय. कोणत्याही तारेवर न वाजवलेला हा स्वर नादाला वजन देतो.

याच जोडीत गंधार मिसळला तर मात्र गढूळपणा येतो. गिटारचे पडदे सप्तकाचे बारा समान भाग करून बसवलेले असतात आणि त्यातला गंधार शुद्ध गंधारापेक्षा चढा असतो. पेटीवरील गंधाराविषयी शास्त्रीय गायकांची जी जुनी तक्रार आहे, तीच येथे विरूपणामुळे अनेक पटींनी मोठी होऊन ऐकू येते.

यातून निवडीचा मुख्य निकष निघतो. विरूपणापूर्वी संकेतात खालच्या वारंवारतांचे प्रमाण अधिक असेल, तर फरकाचे स्वर एकमेकांत मिसळून नाद फुगीर आणि संथ होतो. जलद आघात वेगळे ओळखू येत नाहीत. म्हणून अनेक वादक विरूपणाआधी खर्ज कमी करतात आणि हवा असल्यास नंतर वाढवतात. आयबानेझचा ट्यूब स्क्रीमर हा पेडल मेटल वादक अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी लावतात तो बहुतांशी याच कारणासाठी. सुमारे ७२० हर्ट्झच्या खालच्या भागाचे विरूपण त्यात कमी होते. ज्याचा खर्ज आटोपशीर आहे असा पिकअप हेच काम उगमापाशी करतो. सात तारांच्या गिटारवर सर्वांत खालचा स्वर सामान्यतः ६१.७ हर्ट्झचा असतो आणि आठ तारांच्या गिटारवर ४६.२ हर्ट्झचा. जुळणी अशी खाली जाते तसतशी आटोपशीरपणाची गरज वाढते. सहा तारांवर भारदस्त वाटणारा पिकअप तेथे चिखल करतो. आठ तारांच्या वादनासाठी प्रसिद्ध असलेला स्वीडनचा मेशुगा हा चमू आपल्याच देशातील लुंडग्रेन यांचे पिकअप वापरतो. त्यांची कीर्ती जोरापेक्षा स्पष्टतेसाठी अधिक आहे.

रोधाचा आकडा

पिकअपच्या जाहिरातीत किलोओहममध्ये दिलेला रोध हा जोराचे माप म्हणून वाचला जातो. जुन्या गिब्सन हंबकरांचा रोध ७.५ ते ८.५ किलोओहमच्या दरम्यान असे. सेमूर डंकन जेबीचा १६च्या पुढे जातो. पण हा आकडा केवळ तांब्याच्या तारेची लांबी व जाडी सांगतो. अधिक बारीक तार वापरल्यास फेरे तेवढेच ठेवूनही रोध वाढतो. चुंबकाची ताकद त्यात कोठेच येत नाही. शिवाय तापमानानुसार तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्के बदलतो. महाबळेश्वरच्या थंडीत, १५ अंशांवर ८ किलोओहम दाखवणारा पिकअप नागपूरच्या उन्हाळ्यात ४० अंशांवर सुमारे ८.८ किलोओहम दाखवेल आणि नादात मात्र कोणालाही फरक जाणवणार नाही. एकाच उत्पादकाच्या, एकाच जातीच्या पिकअपांची तुलना करण्यापुरताच हा आकडा उपयोगी आहे.

चुंबकाचा प्रकार

अल्निको हे अ‍ॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट व लोखंड यांचे मिश्रधातू असून त्यांचे क्रमांकांनी ओळखले जाणारे प्रकार आहेत. दुसऱ्या क्रमांकाचा सौम्य, पाचव्याचा अधिक जोमदार. सिरॅमिक चुंबक फेराइटचे असतात आणि स्वस्त असूनही प्रबळ असतात. सिरॅमिक म्हणजे मेटल आणि अल्निको म्हणजे ब्लूज ही सोपी विभागणी टिकत नाही. जेबीमध्ये अल्निको ५ आहे आणि मेगाडेथचे डेव्ह मस्टेन यांनी तो दीर्घकाळ वापरला. सिरॅमिकमुळे आघाताची सुरुवात सामान्यतः अधिक ठोस ऐकू येते, एवढेच म्हणता येईल.

निष्क्रिय आणि सक्रिय पिकअप

वर वर्णिलेले पिकअप निष्क्रिय, म्हणजे बॅटरीविना चालणारे होत. सक्रिय पिकअपमध्ये वेटोळ्याचे फेरे कमी ठेवून, आतच बसवलेल्या छोट्या प्रवर्धकाने संकेत वाढवला जातो. त्यासाठी ९ व्होल्टची बॅटरी लागते. फेरे कमी असल्याने गुणगुण फार कमी येते. बाहेर पडणाऱ्या संकेताचा संरोध कमी असल्यामुळे लांब केबलमुळेही वरचे उपस्वर मरत नाहीत. ईएमजी ८१ हा या वर्गातील सर्वांत प्रसिद्ध पिकअप असून मेटालिकाचे जेम्स हेटफिल्ड व कर्क हॅमेट, स्लेअरचे केरी किंग आणि झॅक वाइल्ड यांच्या वापरामुळे तो मेटलचा जणू मानदंड बनला. त्याचा नाद एकसारखा, आवळलेला आणि स्वच्छ असतो. हलक्या व जोरदार आघातांतील अंतर त्यात कमी होते, असा आक्षेप त्याच्यावर घेतला जातो आणि तो निराधार नाही. जलद तालवादनात हाच गुण ठरतो; संथ, भावपूर्ण एकलवादनात तोच दोष.

उलट बाजूचे ठळक उदाहरण पँटेराचे डाइमबॅग डॅरेल यांचे. त्यांचा तीक्ष्ण नाद बिल लॉरेन्स एल-५००एक्सएल या निष्क्रिय पिकअपमधून आलेला होता. अलीकडे, २०१४ पासून, फिशमन फ्लुएन्स या मालिकेत तारेच्या वेटोळ्याऐवजी अनेक थरांच्या छापील मंडलपट्ट्या वापरल्या जातात आणि एकाच पिकअपमधून दोन भिन्न नाद घेता येतात.

बसवणी आणि जुळवणी

मेटलच्या तालवादनासाठी घोडीजवळचा पिकअप प्रमुख असतो. घोडीलगत तारेची हालचाल लहान आणि वरच्या उपस्वरांचे प्रमाण जास्त असते. म्हणून त्या जागचा पिकअप बहुधा अधिक फेऱ्यांचा असतो. मानेजवळचा पिकअप एकलवादनासाठी राखला जातो आणि तो कमी जोराचा असल्यास दोहोंचा समतोल साधतो.

नवा पिकअप घेण्यापूर्वी आहे त्याची उंची तपासणे इष्ट, कारण पुष्कळदा नाराजीचे मूळ तेथेच असते आणि दुरुस्तीला एक स्क्रूड्रायव्हर पुरतो. शेवटचा पडदा दाबून जाड तार व पिकअप यांत सुमारे २.४ मिलिमीटर आणि बारीक तारेखाली १.६ मिलिमीटर अंतर ही निष्क्रिय हंबकरसाठी चांगली सुरुवात आहे. पिकअप फार वर चढवल्यास चुंबक तारेला ओढतो आणि स्वर डळमळतो. फार खाली नेल्यास आघात विझतो. गंजलेल्या, जुन्या तारांवर कोणताही पिकअप निस्तेजच वाजतो. मुंबई, कोकण व गोव्याच्या दमट हवेत तारा लवकर गंजतात, हे तेथील वादकांना वेगळे सांगावे लागत नाही.

अ‍ॅम्प्लिफायर खूप चढवल्यावर वाजवणे थांबताच शिट्टी येत असेल, तर वेटोळ्याचे फेरे सैल असून ते स्वतःच कंप पावत असण्याची शक्यता असते. यावर उपाय म्हणून वेटोळे वितळलेल्या मेणात बुडवून काढतात. मेटलसाठी घेतलेला पिकअप असा मेणवलेला असावा. सततची गुणगुण हा मात्र निराळा दोष आहे. ती तारांना हात लावताच कमी होत असेल, तर गिटारचे आवरण किंवा घरातील विजेची भूजोडणी तपासावी. सदोष भूजोडणीत नादापेक्षा वादकाच्या जिवाचा प्रश्न अधिक गंभीर असतो.

आवाजाच्या नियंत्रकाचे मूल्यही पिकअपला साजेसे हवे: निष्क्रिय हंबकरसाठी सामान्यतः ५०० किलोओहम, ईएमजीसारख्या सक्रिय पिकअपसाठी २५ किलोओहम. सक्रिय पिकअपच्या बॅटरीसाठी गिटारच्या पोटात जागा लागते. केबल जोडलेली असेपर्यंत ही बॅटरी खर्च होत राहते, म्हणून वादन संपताच ती काढणे आवश्यक असते. चार तारांच्या हंबकरमध्ये तारांचे रंग उत्पादकागणिक वेगळे असतात. एकाचा तक्ता दुसऱ्याला लावू नये. दोन पिकअप एकत्र चालू केल्यावर नाद पोकळ आणि बारीक येत असेल, तर त्यांपैकी एकाची जोडणी उलटी झाली आहे असे समजावे आणि त्याची दोन टोके अदलाबदल करून पुन्हा डाख द्यावा.