सिलिकॉनची अंधारातली परीक्षा
जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेत सीएमएस प्रयोगासाठी नवे सिलिकॉन शोधक बसवायचे आहेत. मुंबईची टीआयएफआर ही संशोधन संस्थाही या प्रयोगात आहे. शोधक एकदा आत गेले की दुरुस्ती जवळपास अशक्य, म्हणून सगळा कस आधीच लावायचा. शोधकाची षटकोनी चकती अंधाऱ्या पेटीत ठेवतात, कारण नुसत्या उजेडानेही सिलिकॉनमध्ये प्रवाह वाहू लागतो. मग उलट्या दिशेने व्होल्टेज पायरीपायरीने शेकडो व्होल्टपर्यंत चढवत प्रवाहाची गळती मोजतात. ती एकदम उसळली, तर दोष नक्की; कडेचा बारीक ओरखडाही त्याला पुरतो. खरी कसोटी किरणोत्साराची. न्यूट्रॉनांचा मारा खाल्लेल्या नमुन्यांची गळती कित्येक पटींनी वाढते, म्हणून ते शून्याखालच्या थंडीतच तपासतात. सिलिकॉनच्या 300 मायक्रॉन जाडीतून जाणारा विद्युतभारित कण जेमतेम वीसेक हजार इलेक्ट्रॉन मोकळे करतो. एवढासा संकेत गळतीच्या गोंगाटातून वेगळा ओळखता यायला हवा.